दरोडेखोर, बंदूक आणि कायद्याची हद्द

५ मार्च १९५० रोजी कटनीत दंगल उसळली. फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात हाणामारी सुरू झाली होती. अमजद खान यांचे दुकान आणि राहते घर एकाच इमारतीत होते, शेजारच्या भागात भाऊ राहत होता. जमाव आधी भावाच्या भागात घुसला, तिथे लूट केली, आणि मग अमजद खान यांच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत बायकामुले होती. त्यांनी बंदुकीतून दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, तिघे जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ साली न्या. व्हिवियन बोस यांनी त्यांची निर्दोष मुक्तता केली. बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि कटनी तेव्हा ज्या राज्यात मोडत होती त्याची राजधानीही नागपूरच. दार फुटून जमाव आत येईपर्यंत माणसाने हातावर हात ठेवून बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. आणि त्या क्षणी त्याने किती बळ वापरले हे मागाहून सोन्याच्या तराजूत तोलायचे नसते, असे त्यांच्या निकालाचे सार आहे.

पाऊणशे वर्षे झाली तरी हा निकाल प्रत्येक सत्र न्यायालयात वाचला जातो. कोर्टाबाहेर मात्र चोरावर गोळी झाडण्याबद्दल दोन ठाम समजुती नांदतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी, की चोर एकदा आपल्या उंबऱ्याच्या आत आला की त्याचे काहीही करायला आपण मोकळे. दुसरी याच्या उलट: काहीही झाले तरी आत आपणच जाणार, म्हणून दागिने काढून द्यावेत आणि गप्प बसावे. पहिल्या समजुतीने माणसे तुरुंगात गेली आहेत. दुसरीने किती माणसांनी मुकाट मार खाल्ला, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. कायदा या दोहोंपेक्षा बराच शहाणा आहे. समोरचा माणूस चोर आहे की दरोडेखोर, यावर तो थांबत नाही. गोळी सुटली त्या क्षणी धोका काय होता, हे तो विचारतो. या लेखातले सगळे खटले शेवटी याच प्रश्नापाशी येतात.

हे नियम मुळात १८६० च्या भारतीय दंड संहितेतले, कलम ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३४ ते ४४ म्हणून आले, किरकोळ शब्दबदल सोडले तर जसेच्या तसे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली पहिला मसुदा तयार केला, तेव्हा स्वतःच्या बचावाचा हक्क आखडता घेण्यापेक्षा लोकांना तो वापरायची हिंमत द्यावी, अशी भूमिका त्याच्या टिपणात मांडली होती. म्हणूनच इथला हक्क बऱ्यापैकी रुंद आहे. तो स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कुणाच्याही शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी तो वापरता येतो. शेजाऱ्याच्या घरी दरोडा पडला तर धावून जाणारा, आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी, दोघेही याच हक्काच्या आधाराने उभे असतात. पहारेकऱ्याच्या गणवेशाने त्याच्या अधिकारात रतीभरही भर पडत नाही, हे त्याला नोकरीवर ठेवणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. त्याच ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातली शस्त्रे काढून घेतली, ही गोष्टही त्या इतिहासाचा भाग आहे.

हक्क आहे, पण तो जीव घेण्यापर्यंत कधी जातो? शरीराच्या बाबतीत कलम ३८ सात प्रसंग सांगते. मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी सरकारी मदत मागणेही अशक्य व्हावे असे डांबून ठेवणे, आणि २०१३ साली जोडलेला सातवा प्रसंग, ॲसिड हल्ला. यात फारसा वाद होत नाही. गळ्याला कोयता लागला असेल तर गोळी का झाडली, असे कुठलाही न्यायाधीश विचारणार नाही.

खरी गुंतागुंत मालमत्तेच्या कलमात, म्हणजे ४१ मध्ये आहे. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा तिथे चारच ठिकाणी दिली आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला, तंबूला, जहाजाला किंवा माल साठवायच्या जागेला आग लावणे किंवा ती स्फोटकाने उडवणे, आणि चौथे, अशी चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी की जिच्यातून मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. साधी चोरी यात बसत नाही. गोठ्यातून शेळी नेणारा, मोटारीचे चाक काढून नेणारा, रानातल्या विहिरीवरून पाण्याची मोटार पळवणारा, यांना अडवता येते, धरता येते, गरजेपुरता मारही देता येतो, पण गोळी घालता येत नाही. चोरी आणि जबरी चोरी यांतली रेघ मालाच्या किमतीवर ठरत नाही. माल नेण्यासाठी चोराने मारहाण केली, वाट अडवली किंवा तत्काळ मारहाणीची भीती घातली, की चोरीची जबरी चोरी होते. असे करणारे पाच किंवा अधिक जण असले की त्याला दरोडा म्हणतात. चाकूच्या धाकाने नेलेले शंभर रुपये जबरी चोरीत मोडतात; रिकाम्या घरातून नेलेले पन्नास तोळे चोरीत.

सोनसाखळी चोरांचे उदाहरण इथे नीट पाहण्यासारखे आहे, कारण शहरांत लोकांचा संताप सर्वांत जास्त त्यांच्यावर असतो. नव्या संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून नेणे हा चोरीचाच एक स्वतंत्र प्रकार केला आहे. बाईच्या गळ्यातली साखळी खेचून मोटारसायकलवरून दोघे निघून गेले, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी परवान्याच्या पिस्तुलातून त्यांच्या पाठीवर गोळी झाडली, तर त्याला कलम ४१ चा आधार मिळणे फार अवघड. त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका उरलेला नसतो. तेच दोघे साखळी सुटत नाही म्हणून बाईला रस्त्यावरून फरफटत नेत असतील तर चित्र पार बदलते, कारण आता तिच्या जिवावर बेतले आहे.

रात्रीची गोष्ट वेगळी का? हा भेद आपल्या संहितेपेक्षा फार जुना आहे. रोमच्या बारा फलकांच्या कायद्यात रात्रीच्या चोराला मारण्याची मुभा होती. दिवसाच्या चोराला तो शस्त्र घेऊन उलटला तरच. बायबलच्या निर्गम ग्रंथातही हाच विचार आहे: सूर्य उगवल्यावर चोराला मारले तर रक्ताचा दोष लागतो. आपल्याकडे धर्मशास्त्रकारांनी आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसून येणारा, धन, जमीन किंवा बायको पळवणारा अशा आततायींची यादी केली आणि त्यांना मारण्यात दोष आहे की नाही, यावर टीकाकारांनी शतकानुशतके खल केला. रात्रीला वेगळे मानण्यामागचे कारण व्यवहारी आहे. अंधारात आत आलेल्याच्या हातात काय आहे, तो एकटा आहे की बाहेर चौघे उभे आहेत, तो कपाट उघडायला आलाय की गळा दाबायला, हे झोपेतून उठलेल्या माणसाला कळत नाही. मदतीला येणारेही झोपलेले असतात. पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीत २००१ च्या जानेवारीत जे झाले, ते आठवणाऱ्या कुणालाही शेतवस्तीवरच्या रात्रीची ही भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लूट झालीच, तिथल्या बायकांवर दरोडेखोरांनी अत्याचारही केले. अशा ठिकाणी पोलीस ठाणे कैक मैल दूर असते आणि घरातल्या माणसांना स्वतःच्या बळावरच निभावावे लागते. रात्रीच्या घरफोडीला कायद्याने वेगळे स्थान दिले ते मला योग्य वाटते.

पण घरफोडी कशाला म्हणायचे, याचीही व्याख्या आहे. कुलूप तोडणे, भिंतीला भोक पाडणे, भिंतीवरून चढून खिडकीतून येणे, बंद दार उघडणे, बळजबरीने किंवा धमकी देऊन आत शिरणे. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी दार सताड उघडे टाकून झोपलेल्या घरात कुणी चोरपावलांनी शिरला, तर ती काटेकोर अर्थाने घरफोडी न ठरता फक्त घरातली घुसखोरी ठरू शकते. मग गोळीचे समर्थन करायला जिवाच्या धोक्याची वाजवी भीती वेगळी दाखवावी लागते. शिवाय कलम ४१ मध्ये बसले म्हणजे परवाना मिळाला असेही नाही. सगळ्या कलमांवर कलम ३७ चा लगाम आहे: बचावासाठी गरज होती त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. घरफोडी करणारा सोळा वर्षांचा पोरगा हात वर करून भिंतीला टेकलेला असेल, तर घड्याळात रात्रीचे दोन वाजले आहेत एवढ्यावर त्याला मारता येत नाही.

यापुढचा प्रश्न काळाचा, आणि माझ्या मते सर्वाधिक महत्त्वाचा. शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची वाजवी भीती उत्पन्न होताच सुरू होतो आणि ती भीती टिकेल तोवरच टिकतो. प्रत्यक्ष वार होण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून कटनीच्या दाराबाहेरचा जमाव आत येण्याआधी झाडलेली गोळी योग्य ठरली. शेवटाच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. १९६२ च्या जय देव खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हे स्पष्ट केले. पंजाबातल्या एका गावात शेतजमिनीच्या ताब्यावरून लढाई झाली आणि माणसे मारली गेली. जमीन राखण्याचा आरोपींचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पण हल्ला मोडला, समोरचे पांगले, भीतीचे कारण संपले, त्यानंतर झाडलेल्या गोळ्यांना बचावाचे नाव देता येत नाही, असा निकाल दिला. पहिली गोळी कायदेशीर आणि त्याच बंदुकीतून, त्याच माणसाने, त्याच भांडणात झाडलेली पुढची गोळी बेकायदेशीर असू शकते.

मालमत्तेच्या बाबतीत कलम ४३ ने हा काळ प्रकारानुसार वेगळा ठरवला आहे. चोरीत चोर मालासह निसटून जाईपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत, किंवा पोलीस येईपर्यंत हक्क चालतो. म्हणजे पाठलाग करून माल हिसकावून घेता येतो. जबरी चोरीत दुखापत किंवा तिची तत्काळ भीती आहे तोवर. रात्रीच्या घरफोडीत चोर घरात आहे तोवर. तो कुंपणाबाहेर पडून रस्त्याला लागला की जीव घेण्याची मुभा मागे राहते. गोळी छातीत लागली की पाठीत, यावर इतक्या खटल्यांचा निकाल का फिरतो, ते इथे कळते. जखमेचे तोंड, अंतर्गत मार्ग, जखमेभोवती दारूचे कण आणि करपल्याच्या खुणा आहेत की नाहीत, घटनास्थळी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कुठे पडल्या, यांवरून माणूस किती अंतरावर होता आणि तोंड कुठे होते ते समजते. पाठीतली प्रत्येक गोळी गुन्हा नसते, कारण वळून हत्यार उचलायला जाणाऱ्याचीही पाठ दिसते. पण तिचे उत्तर आरोपीला द्यावे लागते.

किती बळ वापरावे? लाठीला लाठी, चाकूला चाकू असा हिशेब न्यायालयांनी कधीच मान्य केला नाही. देव नारायण खटल्यात लाठीच्या हल्ल्याला भाल्याने उत्तर दिले होते आणि डोक्यावर बसलेली लाठीही जीव घेते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. पळून जाण्याबाबत मात्र निकालांचा सूर एकसारखा नाही. गुजरातमधल्या योगेंद्र मोरारजी खटल्यात मजुरीच्या वादातून काही जणांनी रात्री गाडी अडवली, दगडफेक झाली आणि गाडीतल्या माणसाने रिव्हॉल्वर चालवले. त्यात एकाचा जीव गेला. त्याने हक्काची मर्यादा ओलांडली असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि सुरक्षितपणे मागे हटण्याची वाजवी वाट नसेल तरच जीव घेण्यापर्यंत जाता येते, असेही म्हटले. उलट मुन्शी राम खटल्यात आणि २०१० च्या दर्शन सिंह निकालात, हल्ला झाला की माणसाने भेकडासारखे पळालेच पाहिजे असे नाही, असा जोर आहे. दर्शन सिंह प्रकरणात बापाच्या डोक्यावर गंडाशाचा घाव बसताच मुलाने गोळी झाडली आणि तो सुटला. न्या. दलवीर भंडारी यांनी तिथे जुन्या निकालांतली तत्त्वे एकत्र मांडली, म्हणून आज वकील आधी तोच निकाल उघडतात. दोन्ही विचारसरणींचा मेळ असा लागतो: आपल्या घरातून पळून जाण्याची सक्ती नाही, पण गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला असता तर संकट टळले असते, अशी सोपी वाट समोर असताना माणूस मारला, तर गरजेचा प्रश्न उभा राहतो.

बंदुकीबाबत एक अडचण विशेष आहे. लाठी हळू मारता येते, हात आवरता येतो. बारा बोरच्या काडतुसातले छर्रे आवरता येत नाहीत. म्हणून इशारा दिला का, हवेत किंवा जमिनीकडे गोळी झाडली का, पायावर नेम धरला का, हे प्रश्न विचारले जातात. त्यांना न्यायालये निर्णायक मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अंधाऱ्या खोलीत, चार हातांच्या अंतरावर, घाबरलेल्या माणसाने पायावर नेम धरावा ही अपेक्षा आरामखुर्चीत बसून करायची असते. व्हिवियन बोस यांचा सोन्याचा तराजू तिथेच आठवावा लागतो.

हा हक्क भांडण उकरून काढणाऱ्याला नाही. १९७० साली बदायूँच्या बाजारात खरबुजांच्या टोपलीवरून वाद झाला. गिऱ्हाईक घरी गेले आणि हत्यारे व मुलगे घेऊन परत आले. बंदूक चालली आणि बाजाराचा ठेकेदार मेला. पुढे झालेल्या झटापटीचा आधार घेऊन त्यांनी बचावाचा हक्क मागितला. १९७४ च्या निकालात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी तो फेटाळला: हा बचावाचा हक्क आहे, सूड उगवण्याचा नाही, आणि आधी हत्यार घेऊन चालून जायचे व मग बचाव म्हणायचे, हे चालत नाही. चोर पळाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा ठिकाणा शोधून गोळी घालणारा याच रांगेत बसतो. चोरी झाल्याचे त्याचे दुःख कितीही खरे असले तरी त्या वेळी पोलीस ठाणे उघडे असते.

लावून ठेवलेल्या सापळ्याचे काय? बिहारातल्या एका माणसाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून तिथे उघडी विजेची तार लावली. शेजारची बाई तिथे गेली आणि तारेच्या धक्क्याने मेली. १९६३ च्या चेरुबिन ग्रेगरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने बचावाचा हक्क साफ नाकारला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातही एका जोडप्याने ओसाड घराच्या खोलीत दाराला बांधून बंदूक लावली होती. जुन्या बाटल्या चोरायला आलेल्याचा पाय तिने निकामी केला आणि १९७१ साली घरमालकांवर ३० हजार डॉलरची भरपाई बसली. दोन्हीकडे कारण तेच. समोर कोण आहे आणि तो काय करतोय, हे तारेला किंवा दाराला बांधलेल्या बंदुकीला दिसत नाही. गरज किती हे ठरवणारा माणूसच तिथे नसतो. विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला लावलेल्या विजेच्या तारांनी माणसे आणि वाघ मरतात. त्या शेतकऱ्याची हतबलता मला पूर्ण कळते, पण त्याच्या वकिलाला या कलमांत आसरा मिळत नाही.

चुकून भलत्यालाच मारले तर? संहितेने स्वतःच एक उदाहरण दिले आहे. एक माणूस ज्या घरात शिरण्याचा त्याला हक्क आहे तिथे रात्री शिरतो, घरातला त्याला चोर समजून प्रामाणिकपणे हल्ला करतो. गैरसमजाने हल्ला करणाऱ्याविरुद्ध आलेल्याला बचावाचा पूर्ण हक्क आहे, असे कलम ३६ सांगते. आणि घरातल्यालाही प्रामाणिक गैरसमजाचे संरक्षण कलम १७ मधून मिळू शकते. शर्त एवढीच, की तो गैरसमज पुरेशी काळजी घेऊन झालेला असावा. रात्री उशिरा आलेला स्वतःचाच मुलगा किंवा दार चुकलेला शेजारी गोळीने मेल्याच्या बातम्या येतात. दिवा लावून ‘कोण आहे?’ असे विचारण्याइतका वेळ होता का, हा प्रश्न अशा वेळी न्यायालयात ठरवून येतो.

गावगाड्यात हाच गैरसमज जमावाच्या हातात गेला की भयंकर होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. यात कुठेही वाजवी भीती नव्हती. धरलेली माणसे निःशस्त्र आणि जमावाच्या ताब्यात होती. धरलेल्या खऱ्या चोरालाही खांबाला बांधून बडवणे हे बचावात येत नाही. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर झाला तर सामान्य नागरिकालाही चोराला अटक करता येते; नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. ग्रामसुरक्षा दलाच्या प्रत्येक तरुणाला रात्रीच्या गस्तीआधी हे एक कलम सांगायला हवे.

परदेशी कायद्यांकडे नजर टाकली की आपला कायदा कुठे बसतो ते दिसते. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात टोनी मार्टिन या शेतकऱ्याने १९९९ साली रात्री घरात शिरलेल्या दोघांवर शॉटगन चालवली. सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. २००० साली मार्टिनला खुनासाठी जन्मठेप झाली. अपिलात ती मानसिक आजाराच्या कारणाने कमी होऊन पाच वर्षांवर आली. स्वसंरक्षणाचा मुद्दा मान्य झाला नाही. देशभर गदारोळ उठला, आणि २०१३ मध्ये घरमालकासाठी कायदा सैल करण्यात आला: घुसखोराविरुद्धचे बळ अगदी भलतेच प्रमाणाबाहेर नसेल तर ते चालते. दुसऱ्या टोकाला टेक्सस आहे. रात्रीची चोरी रोखण्यासाठी, किंवा माल परत मिळण्याची दुसरी वाट नसेल तर पळत्या चोरावरही, प्राणघातक बळ वापरण्याची मुभा तिथला कायदा देतो. २००७ साली पासाडेना गावी एकाने पोलिसांच्या फोनवर ‘बाहेर जाऊ नका’ असे सांगितले जात असताना बाहेर जाऊन शेजारचे घर लुटणाऱ्या दोघांना मारले; ग्रँड ज्युरीने त्याच्यावर खटलाच ठेवला नाही. ह्यूस्टन परिसरातला एखादा नातेवाईक ‘आमच्याकडे गोळी घालता येते’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या राज्यापुरते खरे बोलतो. ते इथे लावले तर खुनाचा खटला उभा राहील. आपला कायदा त्या दोघांच्या मधोमध आहे, आणि माल आणि जीव यांना तो एका पारड्यात टाकत नाही, हे मला त्याचे बळ वाटते.

आता कागदोपत्री काय घडते ते. गोळी कितीही न्याय्य असली तरी माणूस मेला की गुन्हा नोंदला जातो, पंचनामा होतो, शस्त्र जप्त होते. पोलिसांनी मारलेल्या गुंडाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या चकमकींवरून २०१४ साली हेच बंधनकारक केले. नागरिकाला त्याहून वेगळी वागणूक कशी मिळेल? बचावाचा हक्क सिद्ध करण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो. मात्र सरकारी पक्षाइतका भक्कम पुरावा त्याला द्यावा लागत नाही. आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढे दाखवले तरी पुरते. सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनच ते बाहेर आले तरीही चालते, त्याने तो मुद्दा स्वतः उचलला नसला तरी. शस्त्र बिनपरवाना असेल तर बचाव संपत नाही, पण शस्त्र कायद्याचा वेगळा गुन्हा लागतो. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि निवडणुका आल्या की बहुतेकांना त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. ते कुणावर चालवता येईल, याबद्दल त्यावर काही लिहिलेले नसते, आणि परवाना देताना कुणी ते समजावूनही सांगत नाही.

या सगळ्यात एक नवी गोष्ट आहे जी मला खटकते. प्रामाणिकपणे, पूर्वनियोजन नसताना, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना हक्काची मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाच्या व्याख्येचा हा दुसरा अपवाद. जुन्या कलम ३०४ मध्ये त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, खालची मर्यादा नव्हती. न्यायाधीश प्रसंग पाहून दोन वर्षेही देऊ शकत होता, किंवा तुरुंगात आधीच काढलेल्या काळावर सोडूही शकत होता. नव्या कलम १०५ मध्ये मारण्याचा हेतू असलेल्या भागासाठी किमान पाच वर्षे ठरवली आहेत. वस्तीवर रात्री दरोडा पडला, पहिली गोळी योग्य होती आणि भीतीच्या भरात झाडलेली दुसरी अर्ध्या मिनिटाने उशिरा सुटली, तर न्यायाधीशाला त्या शेतकऱ्याची दया आली तरी आता पाच वर्षांखाली येता येत नाही. भांडणात संतापून मारणारा आणि दरोड्यात घाबरून मर्यादा ओलांडणारा यांना एकाच किमान शिक्षेखाली आणण्याचे समर्थन संहितेच्या मजकुरात मला सापडले नाही. दुसऱ्या अपवादात बसणाऱ्यांना ही किमान मर्यादा लागू होणार नाही, एवढे एक परंतुक कलम १०५ ला जोडणे संसदेच्या हातात आहे. ते पहिल्याच दुरुस्तीत जोडले जावे.